बाबलो घाड्याचं शेवटचं गाऱ्हाणं

बाबलो घाड्याला दोन आवाज होते, एक देवळातला आणि एक घरचा. देवळातला आवाज आमच्या पडवीत ऐकू यायचा, मधे रस्ता आणि माडांची रांग असूनही. घरचा मात्र इतका बारीक की कुंपणापलीकडून तो काही बोलला तर मला निम्मं पुन्हा विचारावं लागायचं. मी त्याला म्हणायची, देवीला बहिरी समजतोस आणि मला तरुण कानांची. तो हसायचा नाही. बाबलोला हसताना मी फार कमी वेळा पाहिलं.

आमचं गाव इब्रामपूर, पेडणे तालुक्यातलं. मी लग्न होऊन इथे आले तेव्हा बाबलो माझ्या नवऱ्याचा मित्र होता, म्हणून मी त्याची वयनी. नवरा गेला, वयनी राहिली. मी चौथी शिकलेली बाई. कुणाचं चरित्र लिहायची माझी लायकी नाही, आणि बाबलोचं चरित्र असं काही नव्हतंही. काजूची बाग, थोडं भात, एक मुलगा आणि देवळातलं घाडीपण. पण एका गोष्टीवरून मी त्या माणसाशी वर्षानुवर्षं भांडले. आता भांडायला समोर कुणी नाही, म्हणून लिहिते.

घाडी म्हणजे वाड्याच्या, सगळ्या वस्तीच्या, वतीने देवीशी बोलणारा माणूस. लग्न ठरतंय, विहीर खणायची आहे, मूल आजारी आहे, काही असो, घाडी देवीपुढे उभा राहून गाऱ्हाणं घालतो. त्याआधी देवीच्या उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक अशा फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला आम्ही पाकळी लावणं म्हणतो. मी आयुष्यातली मोठी कामं पाकळी लावूनच केली आणि मला त्याचा पस्तावा नाही.

बाबलोला एक खोड होती. हाताला लागेल ते तो अंगठ्याने दाबून बघायचा. पदेराकडची पोयी, म्हणजे पाव, घेतली की आधी अंगठा. चहाच्या डब्याचं झाकण लावलेलं असलं तरी पुन्हा अंगठा. चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानफळांची मातोळी बांधली की तिची प्रत्येक गाठ. एकदा आमच्या सुनेच्या भिंतीवर कॅलेंडर चिकटवलेलं होतं, तेही जाता जाता चारी कोपऱ्यांना दाबून गेला. वाड्यावरची तरुण पोरं त्याच्या पाठीमागे अंगठा नाचवायची. मला वाटायचं, शेतकरी माणूस, आंबा पिकला की नाही बघायची सवय हाताला राहिली असेल.

त्याची नात तन्वी. मुलगा संतोष विमानतळावर सामान चढवायच्या कामाला, सून दीप्ती दोडामार्गची. दीप्ती चांगली कामसू बाई आहे, हे आधी सांगते, कारण पुढे ती वाईट दिसेल आणि ती तशी नाही.

तन्वी बोलायला लागली तशी दीप्तीने तिला दिवेलागणीला हात जोडायला लावले. बाबलोने तिथल्या तिथे ते हात सोडवले. ओरडला नाही. नुसते हात सोडवले आणि पोरीला उचलून बाहेर शेळी दाखवायला नेली. असं पुन्हा पुन्हा झालं. दीप्तीने नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने बापाला. बापाचं उत्तर ठरलेलं असायचं, ते वाड्यावर सगळ्यांना पाठ झालं होतं.

"तिका आधी 'नाका' म्हणूक येंवदे. मगे देव शिकवा."

'नाका' म्हणजे नको. गंमत अशी, की माणूस देव न मानणारा नव्हता. चवथीच्या आधी तो तन्वीला खांद्यावर घेऊन रानात जायचा आणि मातोळीला लागणारं एकेक रानफळ ओळखायला शिकवायचा. पोर सगळ्या वेलींची नावं म्हणून दाखवायची. पण हे कुणासाठी बांधायचं असं तिने विचारलं, की तो म्हणायचा, दिसायला बरं दिसतं म्हणून. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळताना बाजूला बसवायचा, आरतीला झांज द्यायचा, फुगडी घालायला सोडायचा. फक्त देव बघतो, देव रागावतो, देवाला विचार, देवाला सांग, ही चार वाक्यं त्याच्या घरात तन्वीसमोर बंद होती. मी त्याला विचारलं, मग उरलं काय? तो म्हणाला, नेवऱ्या उरल्या.

माझं मत सरळ होतं आणि आजही आहे. मुलाला चालायला आपण शिकवतो, जेवायला शिकवतो, मोठ्यांना उलट बोलू नकोस म्हणून शिकवतो. तेव्हा 'तुला पटतं का' असं विचारत नाही. मग देवाच्या बाबतीतच विचारायचं कशाला? मी माझ्या मुलांना दिव्यापुढे बसवून श्लोक म्हणायला लावले. चुकलं तर चिंचेची शिपटी होती. कुणी बिघडला नाही.

यावरून आमचं खरं भांडण एका चवथीला झालं. तन्वी आमच्याकडे आली होती. नैवेद्य दाखवायच्या आधीच तिने ताटातली नेवरी उचलून तोंडात घातली. मी तिला सांगितलं, देवाच्या आधी खाल्लंस, आता जीभ सडेल. मी लहान असताना मला हेच सांगितलं होतं, माझी जीभ अजून शाबूत आहे, हे तुम्ही वाचताच आहात. पोर रडली नाही. घरी गेली आणि जेवेना. दुसऱ्या दिवशीही पाण्याशिवाय तोंडात काही घेईना. आरशापुढे उभी राहून जीभ बाहेर काढून बघत बसली.

बाबलो कुंपणाशी आला. त्या दिवशी मला पुन्हा विचारावं लागलं नाही, देवळातला आवाज घेऊनच आला होता.

"वयनी, तुझो देव पोरांची जीभ सडयता काय? मगे त्याका सांग, माझ्या घरात पाय ठेवू नको."

मी म्हटलं, "मगे तू देवळात साद कोणाक घालतंस?"

"मी म्हातारो झालंय. माका सोसता."

त्यानंतर पुढचा पाऊस संपेपर्यंत आम्ही बोललो नाही. तो पोयी घ्यायला रस्त्यावर आला की मी आत जायची. माझ्या बोलण्यात मला चूक वाटली नव्हती, आणि माघार घेणं मला जमत नाही. शेवटी त्यानेच फणसाच्या आठळ्या पाठवल्या आणि मी ठेवून घेतल्या. एवढ्यावर मिटलं.

दीप्तीची बाजू वेगळी होती. वरच्या रस्त्यावरच्या किरिस्तांव घरातली मुलं रविवारी दोत्रीनीला जातात, म्हणजे चर्चमध्ये त्यांना त्यांचा धर्म शिकवतात. त्यातली एक मुलगी तन्वीच्या वर्गात. एकदा तिने तन्वीला विचारलं, तुमच्यात रात्री झोपताना काय म्हणतात? तन्वी म्हणाली, पंखा लाव म्हणतात. शाळेबाहेर उभ्या असलेल्या बायका हसल्या आणि दीप्ती मेल्याहून मेल्यासारखी झाली. घरी येऊन सासऱ्यापुढे उभी राहिली. तिचं म्हणणं मी माझ्या कानांनी ऐकलं. घाड्याचं घर, आणि घरातल्या पोरीला साधा श्लोक येत नाही. उद्या आम्ही नसू, तेव्हा अडचणीत ती कुणाचं नाव घेईल? तुम्ही तिचा देव काढून घेतलात, बदल्यात काय दिलंत?

दीप्तीचा प्रश्न खोटा नव्हता, हे बाबलोलाही कळत होतं. तो भिंतीला अंगठा दाबत बसला.

मग तो आजारी पडला. बागेतून येताना धाप लागायची, छातीत दुखायचं. मोठ्या इस्पितळात दाखवलं. काळजाच्या नळ्या तुंबल्यात, छाती उघडून काम करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. वय झालेलं, अंगात साखर, म्हणून धोका आहे. केलं नाही तरी धोका आहे. काय ते लवकर ठरवा.

बाबलोने तिथेच ठरवलं होतं, करायचं. पण घरी आल्यावर संतोष आणि दीप्ती म्हणाली, देवीला विचारल्याशिवाय नाही. वाड्यावरचे जाणते लोकही तेच म्हणाले. आणि इथे आमच्या वाड्याचा एक जुना नियम आडवा आला. घाड्याला स्वतःच्या कामाची पाकळी लावता येत नाही. त्याच्या घरातलं, दुधाचे दात न पडलेलं मूल ती लावतं. मुलाच्या मनात कपट नसतं, म्हणून त्याचा हात. गाऱ्हाणं मात्र घाडीच घालतो, कारण ते दुसऱ्या कुणाला येत नाही.

पूर्वी मरणाच्या दुखण्यात कुणाच्याही घरची पाकळी लहान मुलाच्याच हाताने लावायचे. बाबलो घाडी झाल्यापासून ते बंद झालं होतं. तो सगळ्या पाकळ्या स्वतः लावायचा. का, हे कुणी कधी विचारलं नाही. आता त्याच्या स्वतःच्या पाळीला नियम पुन्हा वर आला. तन्वी सहा वर्षांची. पुढचा एक दात हलत होता, पण पडला नव्हता.

त्या आठवड्यात बाबलोने जे केलं ते कुणाला सांगितलं तर लोक हसतील. त्याने कुठल्याशा जत्रेतलं खाजं पैदा केलं, चांगलं जुनं, दगडासारखं, आणि पोरीला दिवसभर चावायला दिलं. मग ऊस दिला. मग पडवीत बसवून 'दात दाखव' म्हणून अंगठ्याने तो दात हलवून बघायचा. दीप्तीच्या ध्यानात आलं. तिने खाजं काढून घेतलं, पोरीला मऊ पेज द्यायला लागली. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं आणि सगळ्यांचा डोळा एका दातावर.

सोमवारी देवळात जायचं ठरलं. आदल्या दुपारी बाबलो कुंपणाशी आला. घरच्या आवाजात म्हणाला, संतोष तुझं ऐकतो, तू त्याला सांग, पोरीला यात घालू नको. मी म्हटलं, मी सांगणार नाही. मला पाकळी मान्य आहे. तुला काय भीती, डावी पडेल अशी? तो म्हणाला, उजवी पडली तरी तीच भीती.

मग उभ्या उभ्या त्याने मला ते सांगितलं. फिरंग्यांचा काळ. त्याची आई बाळंतपणात अडली. डॉक्टर पेडण्याला. नदीला पाणी होतं, माचीत, म्हणजे डोलीत, घालून न्यायचं म्हटलं तर वाटेतच काही होईल असं म्हणणारे होते आणि नेलंच पाहिजे म्हणणारेही. ठरेना, तेव्हा पाकळी लावली. दुधाचे दात असलेलं घरातलं मूल म्हणजे बाबलो. त्याचे हात धुतले, त्याला उचलून देवीपुढे धरलं. त्याने एक पाकळी उजवीकडे लावली, एक डावीकडे. डावी पडली. आईला नेलं नाही. ती संध्याकाळच्या आत गेली आणि पोटातलं मूलही.

"सगळे म्हणाले, देवीची इच्छा," बाबलो म्हणाला. "पण डावी पाकळी मी नीट दाबूक नव्हतंय, वयनी. हात पोचत नव्हतो. ह्यां देवीक म्हायत आणि माका म्हायत."

कुंपणाची काठी तो अंगठ्याने दाबत होता. मी म्हटलं, तरी तू घाडी झालास. तो म्हणाला, दुसरा कुणी झाला असता तर त्याने पोरांचे हात घेतले असते.

मी संतोषला काही सांगितलं नाही. बाबलोने ही गोष्ट मुलालाही सांगितली नव्हती. आणि सांगूनही संतोष ऐकला नसता. बाप गेला तर लोक विचारणार, देवीला न विचारता कसं पाठवलंत? ते उत्तर त्याला आणि दीप्तीला द्यायचं होतं, मला नाही.

सोमवारी सकाळी वाडा देवळात जमला. तन्वीला न्हायला घालून नवा फ्रॉक घातला होता. तिला काही माहीत नव्हतं. फुलं लावायची आहेत एवढंच दीप्तीने सांगितलं होतं. पण मोठी माणसं गप्प उभी असली की पोरांना कळतं. ती आईचा पदर सोडेना. संतोषने पाण्याच्या वाटीत तांबड्या पाकळ्या टाकून ठेवल्या होत्या. बाबलो धोतर-उपरणं घालून आला. चार पायऱ्या चढून त्याला धाप लागली, तरी बसला नाही.

त्याने तन्वीला हाक मारली. ती आली. त्याने वाटी उचलली. सगळ्यांना वाटलं, पोरीच्या हातात देतोय. त्याने ती वाटी दाराबाहेर ओतली. मग उपरण्याच्या गाठीतून आपल्या दारातली एक अख्खी जास्वंद काढून तन्वीच्या हातात दिली आणि देवळातल्या आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

"आई, बाबलो घाडी तुझ्या दारात उबो आसा. आजपर्यंत वाड्यासाठी उबो रवलंय, आज माझ्यासाठी. माका काय एक विचारूचा नाय. मी दाक्तराकडे जातंय, तां माझां मी ठरयलंय. बरां झालां तर तुझे उपकार, नाय झालां तर माझां नशीब. ह्या पोरीचो ह्यात हात नाय. ही नुसती तुका फूल देवक इलीहा."

गाऱ्हाण्याला सगळ्यांनी 'व्हय आई' म्हणायचं असतं. कुणी म्हणालं नाही. एक जाणता माणूस म्हणाला, हे गाऱ्हाणं नव्हे. बाबलोने त्याच्याकडे बघितलंही नाही. तो तन्वीला म्हणाला, पायांशी ठेव. तिने फूल देवीच्या पायांशी ठेवलं. पायांशी ठेवलेलं फूल कुठे पडणार? ते तिथेच राहिलं.

मग माझ्या तोंडून 'व्हय आई' निघून गेलं. बाबलोचं मला पटलं होतं असं नाही. गाऱ्हाणं अर्धवट सोडायचं नसतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. माझ्यामागून दोन-चार बायका म्हणाल्या. पुरुष म्हणाले नाहीत.

बाहेर आल्यावर दीप्ती पायरीवर बसून रडली. म्हणाली, आता आम्हाला काहीच कळलं नाही. बाबलो तिच्या शेजारी बसला. सुनेच्या शेजारी तो कधी बसला नव्हता. काय बोलला ते ऐकू आलं नाही, तो घरचा आवाज होता. पण ती उठली आणि इस्पितळाची पिशवी भरायला घरी गेली.

बाबलोची छाती उघडली, काम झालं, शुद्धीवर आला, संतोषशी बोललाही. आणि मग काही दिवसांनी गेला. डॉक्टरांनी कारण सांगितलं, मला ते समजलं नाही.

वाड्यावर लोक बोलायचे ते बोलले. न विचारता गेला, देवीचा अपमान केला. दीप्ती काही बोलली नाही. संतोष मात्र बाराव्याला सगळ्यांदेखत म्हणाला, त्या दिवशी पाकळी लावू दिली असती तर. मी त्याला तिथेच गप्प केलं. म्हटलं, पोरगी समोर बसली आहे. तिला ऐकवायचं असेल तर पूर्ण ऐकव, कुठली पडली असती तर काय केलं असतंस तेही सांग. तो उठून बाहेर गेला.

तन्वी नंतर एकदा आमच्या पडवीत आली. बराच वेळ इकडच्या तिकडच्या गोष्टी केल्या, मग विचारलं, "आजी, मी फूल नीट ठेवलंलं मां?"

म्हणजे एवढं करूनही ते ओझं तिच्यापर्यंत पोचलंच. बाबलोला हे कळायला हवं होतं, असं मला वाटलं, आणि लगेच वाटलं, बरं झालं कळलं नाही. मी तिला म्हटलं, पायांशी ठेवलंस, पायांशी राहिलं. त्यात नीट आणि वाकडं काय? ती म्हणाली, मगे आजो परत कित्याक येवक नाय? मी म्हटलं, आजो म्हातारा होता आणि आजारी होता. तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं, मी खोटं बोलते का ते. मग नेवरी आहे का विचारलं. चवथ लांब होती, नेवरी कुठची? पोयी दिली, ती खाल्ली.

माझं मत बदललं का? नाही. मी अजून म्हणते, मुलांना शिकवायला हवं. फक्त जिभेचं तेवढं आता कुणाला सांगत नाही.

बाबलोला मी शेवटचं पाहिलं ते इस्पितळात जायच्या दिवशी, देवळातल्या त्या सोमवारनंतर. गाडी दारात उभी होती. तो मागे बसला होता, पिशवी मांडीवर, आणि पिशवीची चेन लागलेली असूनही अंगठ्याने दाबत होता. तेवढ्यात तन्वी ओरडत बाहेर आली. तोंडाला थोडं रक्त, हातात दात. इतके दिवस न पडलेला दात त्या सकाळी आंबोळी खाताना पडला.

बाबलोने दात हातात घेतला, बघितला आणि हसला. मोठ्याने, धाप लागेपर्यंत. संतोष म्हणाला, बाबा, उतरू नका. तो उतरला. आमच्याकडे पडलेला दात घराच्या छपरावर टाकतात. त्याने हात मागे नेऊन दात फेकला. दात कौलांच्या नळ्यांवरून टकटक करत घरंगळला आणि परत अंगणात येऊन पडला. डावीकडे पडला की उजवीकडे, कुणी बघितलं नाही. तन्वी शोधायला धावली.

"आता तू टाक," बाबलो तिला म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला.